अधिवासाचा दाखला आणि लग्नाची बायको

हल्ली आपल्या कोल्हापुरात लग्नाची बोलणी चालू असली म्हणजे पत्रिका, नाते आणि मानपान यांच्या जोडीला दोन इंग्रजी अक्षरे कानावर येतात. 'मुलगा कॅनडात असतो, पी.आर. झाला आहे', असे मध्यस्थ सांगतो आणि मुलीकडची मंडळी समाधानाने एकमेकांकडे पाहतात. पी.आर. म्हणजे त्या देशाचा कायम रहिवासी. नागरिक नव्हे, पण चार दिवसांचा पाहुणाही नव्हे. त्याने अर्ज केला म्हणजे बायकोला तिकडे नेता येते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पुढचे कलम मात्र फारसे कुणी वाचलेले नसते. कायम रहिवाशाला बायकोसाठी अर्ज करावयाचा तर तो स्वतः कॅनडात राहत असला पाहिजे. नागरिकाला ही अट नाही. तो बाहेर राहूनही अर्ज करू शकतो. बायको तिकडे दाखल होईल तेव्हा आपणही तेथे राहू, एवढे त्याने दाखवून द्यावे लागते. कायम रहिवाशाला ही सवड नाही. शिवाय त्याचा स्वतःचा हक्क टिकायचा तर पाच वर्षांत 730 दिवस त्या देशात भरले पाहिजेत. मुलगी तिकडे आणि नवरा इकडे असला तरी नियम तोच.

म्हणजे गंमत अशी, की लग्न लावून नवऱ्याने बायकोजवळ राहावे तर तिला नेण्याचा अर्ज अडतो, आणि अर्ज चालावा म्हणून तिकडे जाऊन राहावे तर बायको येथे एकटी. थोड्या दिवसांच्या रजेला कुणी आडकाठी करीत नाही, पण कागद पुढे सरकेपर्यंत संसार दोन ठिकाणी.

मी पुस्तकी माणूस नव्हे. माझे बोलणे बहुतेक कारखान्याच्या गेटवर झालेले आहे, आणि हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा मला परदेश आठवला नाही, शिरोलीच्या वसाहतीतले मस्टर आठवले. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराची सेवा सलग धरायची, हा हिशेब आपल्याकडे कामगार कायद्याने रूढ केला. आणि दिवस भरत आले की चार दिवस घरी बसवून 'ब्रेक' द्यायचा, ही युक्ती मालकांनी रूढ केली. कायमपणाचा हक्क दिवसांच्या मोजणीवर ठेवला की मोजणारा कोण, आणि कोणता दिवस धरायचा व कोणता नाही, यावर सारे येऊन ठेपते. परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या आणि मागे राहिलेल्या बायकोच्या बाबतीत ही मोजणी सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाली. तिचा इतिहास आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. त्यातला एक धागा कोकणातून जातो आणि दुसरा आपल्या कागलातून.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजुरांचे पहिले जहाज 'ट्रुरो' हे 16 नोव्हेंबर 1860 रोजी दरबान बंदराला लागले. मजूर पाच वर्षांच्या करारावर जात. या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटले. हिंदुस्थान सरकारने अशी अट घातली होती, की दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवल्या पाहिजेत. बाईने जावे ते शेकडेवारीत, अशी ही व्यवस्था. कुणाची बायको कुणाबरोबर, हा प्रश्न दलालाला पडत नसे. त्याला भरती पुरी करायची असे.

गिरमिट संपल्यावर मजूर तेथेच राहू लागले, भाजीपाला पिकवू लागले, दुकाने थाटू लागले, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना ते नकोसे झाले. 1895 च्या कायद्याने गिरमिटमुक्त माणसावर वर्षाला तीन पौंडांची पट्टी बसवली. पुढे ती सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही लागू झाली. नवरा, बायको, एक जाणता मुलगा, एक जाणती मुलगी असे घर असले तर वर्षाला बारा पौंड. ज्यांची महिन्याची मिळकत जेमतेम पौंडभर, त्यांच्यावर ही पट्टी. एक तर परत गिरमिट लिहून द्या, नाही तर देश सोडा, असा तिचा सरळ अर्थ होता.

यानंतर आला अधिवासाचा प्रश्न. नाताळच्या 1897 च्या कायद्याने युरोपियन भाषेत अर्ज लिहिता न येणाऱ्याला दार बंद केले. पण जो आधीपासून तेथील अधिवासी असेल त्याला, त्याच्या बायकोला आणि अज्ञान मुलांना सूट होती. अधिवासी कोण? 1903 च्या कायद्याने उत्तर दिले, ज्याचे तीन वर्षांचे वास्तव्य झाले तो. आणि गिरमिटात काढलेली वर्षे या वास्तव्यात धरायची नाहीत! ज्या पाच वर्षांत माणसाने सर्वांत जास्त घाम गाळला तीच वर्षे मस्टरवरून पुसून टाकली. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते वर सांगितलेच आहे.

हे झाले नाताळचे. केप वसाहतीची तऱ्हा निराळी, आणि ती आपल्याला अधिक जवळची, कारण केप टाउनला रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने गेले होते. हे गिरमिटिये नव्हते. पदरचे भाडे भरून गेलेले, कुणी फेरीवाले, कुणी दुकानात नोकर, कुणी मिळेल ती मजुरी करणारे. घरात कोकणी बोली, गावी थोडी भातशेती, आईबाप आणि बायको. 1906 च्या केप कायद्यानेही युरोपियन भाषेची अट घातली. या कायद्यापुरती यिद्दिश ही युरोपियन भाषा धरली गेली, म्हणजे पूर्व युरोपातून येणाऱ्या गरीब यहुद्याची सोय झाली. ती व्हायलाच हवी होती. पण उर्दू, मराठी, गुजराती लिहिणारा मात्र निरक्षरांत जमा झाला.

जो हिंदी माणूस तेथे आधीच राहत होता त्याला गावी जाऊन परत यायचे असेल तर निघण्यापूर्वी परवाना काढावा लागे. त्यावर त्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे. परवान्याला मुदत असे, आणि मुदतीच्या आत परत पाऊल टाकले नाही तर वर्षानुवर्षे जेथे राबला त्या गावात तो माणूस निषिद्ध ठरे. आता या परवान्याचा संसारावर काय परिणाम होई तो पाहा. कोकणातला गडी पैसे साठवून गावी येणार, लग्न करणार किंवा मूल पाहणार, घराची कौले चाळणार, आणि खिशातल्या कागदाची तारीख जवळ आली की आगबोट पकडणार. आई आजारी असो, बायको बाळंतपणाला टेकलेली असो, पावसाळ्याने मचवे बंद पडलेले असोत, तारीख थांबत नाही. पुढे 1913 च्या संघराज्याच्या कायद्याने अशा गैरहजेरीची मुदत तीन वर्षांपर्यंत नेली, तरी तत्त्व तेच राहिले.

बायकोला बरोबर का नेत नसत, असे कुणी विचारील. खर्च हे एक कारण, शेत आणि म्हातारी माणसे हे दुसरे. मुंबईच्या गिरणगावात तरी काय होते? तेथे कायद्याची मनाई नव्हती; पण खोली आणि पगार एवढे तोकडे, की कोकण, सातारा आणि आपल्या भागातले हजारो गडी खाणावळीत जेवले आणि बायका गावी राहिल्या. पगार एका पोटाचा द्यायचा आणि बाकीचे घर गावाने पोसायचे, ही मालकवर्गाला फार सोयीची गोष्ट असते. केपमध्ये या सोयीला कायद्याचे कुलूप लागले, एवढाच फरक.

ज्यांनी बायकोला न्यायचे ठरवले त्यांचे काय झाले, हे 14 मार्च 1913 या दिवशी कळले. हसन इसप हा केप वसाहतीचा रहिवासी. तो हिंदुस्थानात आला, मुस्लिम रीतीने बाई मरियम हिच्याशी त्याने निकाह लावला, आणि पुढे तिला घेऊन तो परत गेला. तिला बंदरावर उतरू दिले नाही. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांच्यापुढे आले. त्यांनी निर्णय दिला, की ज्या धर्मरीतीत एकाहून अधिक बायकांना मुभा आहे त्या रीतीने लागलेले लग्न येथल्या कायद्याला लग्न म्हणून मान्य नाही; सबब ही बाई कायद्याच्या अर्थाने याची बायको नव्हे. गांधीजींनी या निकालाचा अर्थ सर्वांना समजेल असा सांगितला: ख्रिस्ती रीतीने लागलेली आणि नोंदलेली लग्ने तेवढी खरी, हिंदू, मुसलमान आणि पारशी यांच्या लग्नाच्या बायका कायद्याने रखेल्या ठरल्या आणि त्यांची मुले बेवारस.

या निकालाने एक गोष्ट घडली, जी तीन पौंडांच्या पट्टीने आणि परवान्यांनी घडली नव्हती. स्त्रिया लढ्यात उतरल्या. तोवर सत्याग्रहात त्यांना तुरुंगात जाऊ दिले जात नव्हते. सप्टेंबर 1913 मध्ये फिनिक्स आश्रमातून जी पहिली तुकडी परवान्यावाचून सरहद्द ओलांडायला निघाली तिच्यात कस्तुरबा होत्या; त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ट्रान्सवालमधल्या तमिळ बायकांनी त्याहून धाडसाचे काम केले. त्या न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या आणि खाणकामगारांना तीन पौंडांच्या पट्टीसाठी संपावर जा म्हणून सांगू लागल्या. खाणकामगार उठले. 6 नोव्हेंबर 1913 रोजी जो मोर्चा ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघाला त्यात 2,037 पुरुष, 127 स्त्रिया आणि 57 मुले होती, असा आकडा गांधीजींनी दिला आहे. पुढे संप किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांत पसरला, तेथे गोळीबार झाला, मजूर मेले. वलियम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि 22 फेब्रुवारी 1914 रोजी वारली.

या संपाचे वर्णन आपल्या पुस्तकांत बहुधा एका थोर पुरुषाच्या चरित्रातले प्रकरण म्हणून येते. मला ते संप म्हणून वाचावेसे वाटते. खाणीत काम करणाऱ्याला अधिवासाच्या खटल्याशी काय कर्तव्य, आणि केप टाउनच्या दुकानदाराला गिरमिटियाच्या पट्टीशी काय, असे 1913 च्या आधी पुष्कळ जण म्हणत असत. व्यापाऱ्याची मागणी निराळी, मजुराची निराळी. बायकोच्या प्रश्नाने त्या दोन मागण्या एका ताटात आल्या. ज्याने संप बांधला आहे त्याला ठाऊक असते, की असा प्रश्न सापडणे किती दुर्मिळ.

आता कागलचा धागा. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला, पण वडिलांची नोकरी कागल संस्थानात, म्हणून बालपण कागलात आणि शिक्षण कोल्हापुरात झाले. काही काळ ते आपल्या राजाराम कॉलेजातही होते. वडील अकाली गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि त्या तुटपुंज्या पगारातून धाकट्याला शिकवले. दूर राहणाऱ्या एकाच्या कमाईवर दुसऱ्या ठिकाणचे घर कसे चालते, हे गोखल्यांना कुणी शिकवावे लागले नसेल.

25 फेब्रुवारी 1910 रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळला गिरमिटिये पाठवणे बंद करण्याचा ठराव आणला. सरकारने तो स्वीकारला, आणि 1 जुलै 1911 पासून ती भरती थांबली. ऑक्टोबर 1912 मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. बोथा आणि स्मट्स यांना प्रिटोरियात भेटून ते बाहेर पडले ते तीन पौंडांची पट्टी जाणार या खात्रीने. पुढे स्मट्स यांनी असे वचन दिलेच नव्हते असे सांगितले. वाटाघाटीच्या खोलीतून बाहेर पडताना कागदावर सही घेतली नाही तर काय होते, याचे हे उदाहरण मी आमच्या पोरांना नेहमी देतो. गोखल्यांचा दोष काढण्यासाठी नव्हे. त्यांच्या हातात देश नव्हता, संप नव्हता, फक्त शब्द होता. 1913 च्या हिवाळ्यात, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी देशभर निधी गोळा केला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासेस सत्याग्रह्यांची बाजू उघडपणे घेतली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तिच्यातून 1914 चा इंडियन रिलीफ कायदा निघाला. तीन पौंडांची पट्टी रद्द झाली. हिंदी रीतीने लागलेले लग्न मान्य झाले, पण एकाच बायकोपुरते. ती आणि सोळा वर्षांखालची मुले यांना प्रवेश मिळाला. नाताळच्या अधिवासाच्या दाखल्यावरील अंगठ्याचा ठसा पटला की दाखला खरा धरायचा, हेही ठरले. ज्या ठशाला अपमान म्हणून लोकांनी विरोध केला होता तोच आता हक्काचा पुरावा झाला. गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी गेले.

याच सुमारास कॅनडात तोच खेळ चालू होता. 1908 च्या हुकमाने मायदेशाहून न थांबता, सरळ प्रवासाने येणाऱ्यालाच प्रवेश ठेवला, आणि हिंदुस्थानातून सरळ जाणारी बोट नव्हतीच. जानेवारी 1912 मध्ये भागसिंग आणि बलवंतसिंग हे दोघे शीख रहिवासी बायकापोरांना घेऊन व्हँकुव्हरला परतले. पुरुषांना रहिवासी म्हणून उतरू दिले, बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम झाला. शेवटी 'मेहेरबानी म्हणून, पायंडा न पाडता' त्यांना ठेवून घेतले. हक्क मागावा आणि मेहेरबानी मिळावी, यातला फरक कामगार चळवळीत दिवाळीच्या बोनसापासून सर्वांना परिचित आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी रक्त सांडल्यानंतर, 1918 च्या साम्राज्य परिषदेत या विषयावर ठराव झाला. वसाहतींत कायम राहणाऱ्या हिंदी माणसाला एक बायको आणि तिची अज्ञान मुले आणता यावीत. मात्र हीच याची कायदेशीर बायको आणि हीच मुले, असा दाखला प्रत्येकाच्या नावाने हिंदुस्थान सरकारने द्यावा. कॅनडाने 1919 मध्ये त्याप्रमाणे दार किलकिले केले.

दक्षिण आफ्रिकेत 1927 च्या केप टाउन करारानंतर एक नवा काच आला. तीन वर्षे सलग बाहेर राहिले की अधिवास गेला. आणि मुलाला एकटे आणता येणार नाही, आई बरोबर आली पाहिजे. कोकणातले बाप सोळाच्या आतला मुलगा कामाला हाताशी म्हणून घेऊन जात आणि आईला गावी ठेवीत, ती वाट यामुळे बंद झाली. नियम कागदावर कुटुंबाच्या बाजूचा दिसतो. प्रत्यक्षात कित्येक घरांना म्हातारे सासूसासरे आणि शेत सोडून द्यायचे, की मुलाचा हक्क सोडून द्यायचा, एवढीच निवड राहिली. 1953 मध्ये मलान सरकारने ही निवडही काढून घेतली. 10 फेब्रुवारी 1953 पासून हिंदुस्थानात लग्न केलेल्या बायकोला आणि तिच्या मुलांना तेथे प्रवेशच उरला नाही. 1914 साली तुरुंगवास भोगून मिळवलेले कलम एका दुरुस्तीने गेले.

वर्णभेदाचे ते राज्य 1994 मध्ये संपले. म्हणून ही गोष्टही संपली असे मात्र म्हणता येत नाही. जानेवारी 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका हिंदी शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली, कारण तिचे सांगणे अधिकाऱ्यांना खरे वाटले नाही. वर्तमानपत्रांनी बोभाटा केल्यावर ती चाल बंद झाली. पुढे ब्रिटनने मोजमाप बदलले. 2012 पासून परदेशी जोडीदाराला आणणाऱ्याची मिळकत वर्षाला 18,600 पौंड हवी असे ठरले, आणि एप्रिल 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी हा आकडा 29,000 पौंड झाला. तीन पौंडांची पट्टी गरिबाला देशाबाहेर काढीत होती. ही रक्कम गरिबाच्या बायकोला बाहेर ठेवते. आखाती देशांतही ठरावीक पगार असल्याशिवाय कामगाराला कुटुंब नेता येत नाही, हे रत्नागिरीच्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारावे. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका नागरिक स्त्रीच्या खटल्यात सांगितले, की आपल्या परदेशी नवऱ्याला देशात येऊ द्यावे असा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकालाही नाही. सर्लसाहेबांना लग्न नाकारावे लागले होते. या न्यायालयाने लग्न मान्य ठेवले आणि दार नाकारले.

कॅनडाने 2012 मध्ये अशीही अट आणली होती, की अशा प्रकारे आलेल्या बायकोचे लग्न नवे असेल आणि त्यांना मूल नसेल तर तिने दोन वर्षे नवऱ्याबरोबरच राहिले पाहिजे, नाही तर तिचा कायमपणा जाईल. छळाच्या तक्रारीला कायद्यात अपवाद होता, पण मारहाण सोसणाऱ्या परक्या देशातल्या बाईने तो सिद्ध कसा करावा? स्त्रियांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला, आणि 18 एप्रिल 2017 रोजी ती अट रद्द झाली. अर्ज करणाऱ्या कायम रहिवाशाने मात्र कॅनडातच राहिले पाहिजे, हे कलम तेव्हा कुणी हलवले नाही. ते अजून तसेच आहे.